रीबिल्डमधला संघ बघायचा तरी कसा? (संथ सिनेमे आवडणाऱ्याचा प्रश्न)

पंटरोडकर

सरळ मुद्द्यावर येतो. आमच्या रिचमंडचा सध्या रीबिल्ड चालू आहे, म्हणजे जुने गडी काढून तरुण पोरांवर संघ नव्याने बांधणं, आणि त्यांचे फुटीचे (ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे) सामने बघणं मला जड जाऊ लागलंय. हरण्याचं एवढं काही नाही, पण मला चक्क कंटाळा येतो आणि त्या कंटाळ्याची लाज वाटते.

थोडी पार्श्वभूमी. मेलबर्नला आलो तेव्हा फुटी म्हणजे अंडाकृती चेंडू आणि आखूड चड्डीतली धक्काबुक्की एवढंच ठाऊक होतं. 2017 च्या हिवाळ्यात ऑफिसातल्या शेजाऱ्याने पिवळा-काळा मफलर गळ्यात घातला आणि सप्टेंबरात रिचमंड जिंकले. मग 2019. मग 2020. चार हंगामांत तीन फ्लॅग, म्हणजे तीन अजिंक्यपदं. मला वाटलं, हे असंच असतं. डस्टी मार्टिन एका हाताने समोरच्याला दूर ठेवतोय आणि आपण उभे राहून घसा फोडतोय, हीच माझ्या लेखी फुटी.

मग 2024 आलं. अख्ख्या हंगामात दोन विजय, लॅडरच्या (गुणतक्त्याच्या) तळाला. डस्टी, ग्राइम्स, पिकेट निवृत्त. शाय बोल्टन फ्रीमँटलला, डॅनियल रिओली गोल्ड कोस्टला, बेकर आणि ग्रॅहम दोघेही वेस्ट कोस्टला. हाती राहिले ड्राफ्टचे पिक, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीतले क्रमांक. ते मात्र ढीगभर, त्यात पहिल्या क्रमांकाचा सॅम लॉलर. 2025 च्या पहिल्याच सामन्यात या पोरांनी कार्लटनला हरवलं तेव्हा मी एवढा ओरडलो की बायको पोळी तव्यावर टाकून बाहेर आली. पुढे हंगामभरात मिळून विजय पाच, क्रमांक सतरावा.

आता सिनेमाचं. मला संथ सिनेमे आवडतात. कॅमेरा हलत नाही, म्हातारा उठतो, चहा ठेवतो, पितो, कप विसळतो, खिडकीशी जातो. मला चालतं. पळतं ते खेळावरच्या सिनेमांत. ढोलताशाच्या गाण्यावर तीन मिनिटं सराव होतो आणि काल चेंडू न झेपणारी पोरं आज चॅम्पियन! मी टीव्ही बंद करतो. त्यामुळे बायकोने परवा बरोबर कोंडीत पकडलं. म्हणाली, "तुला तीन तास कप विसळणारा म्हातारा बघवतो आणि ही एकोणीस वर्षांची पोरं तिसरं क्वार्टर संपेपर्यंतही बघवत नाहीत?" कारण मी उठतो. स्टेडियमवर असेन तर तिसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर स्टेशनची वाट धरतो, घरी असेन तर भांडी घासायला घेतो.

तेव्हा जाणकारांना दोन प्रश्न. एक, पन्नास गुणांनी मागे असलेल्या संघात बघायचं काय? दोन, लिंच, नॅनकर्व्हिस यांच्यासारखे उरलेसुरले जुने गडीही देऊन टाकावेत आणि आणखी पिक घ्यावेत, असं आमच्यातले बरेच जण म्हणतात. तुमचं मत?

हॉक्सवाला

घाबरू नका हो. 2022 च्या शेवटी आम्ही हॉथॉर्नवाल्यांनी टॉम मिचेल आणि ओमेरा दोघांनाही जाऊ दिलं तेव्हा सगळे आम्हाला वेड्यात काढत होते. 2023 ला सोळावे. 2024 ला पहिले पाचच्या पाच सामने हरलो, आणि तरी त्याच वर्षी फायनल्स (हंगामाअखेरचे बाद सामने) खेळलो, बुलडॉग्जना घरी पाठवलं, पोर्ट अॅडलेडकडून तीन गुणांनी हरलो. तीन! अजून झोपेत आठवतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: विका. पोरांना जागा मिळाल्याशिवाय पोरं शिकत नाहीत.

आर्डनकाकू

विका म्हणे. हॉक्सवाले, तुमच्याकडे 2013, 14, 15 च्या सलग तीन फ्लॅगची माणसं कोचिंगपर्यंत घरात होती. खुद्द कोच सॅम मिचेल त्यातलाच. रिकाम्या घरात पोरं सोडून तुम्ही रीबिल्ड केलेलं नाही. आम्ही केलंय. मी नॉर्थ मेलबर्नची, या देशात आले तेव्हा वेन केरी कॅप्टन होता, 1996 आणि 1999 दोन्ही फ्लॅग पाहिलेत. त्यानंतरचं सगळंही पाहिलंय, त्यामुळे या विषयात मला अधिकार आहे असं समजा.

पंटरोडकर, आधी तुमचा गैरसमज काढते. तुम्ही 2017 ला आलात म्हणजे थेट पंगतीला बसलात, स्वयंपाक पाहिलाच नाहीत. जॅक रीवोल्ट 2006 च्या ड्राफ्टचा. कॉचिन आणि रान्स 2007 चे. मार्टिन 2009 चा. 2007 साली तुमचा संघ तळाला होता. 2016 ला, म्हणजे फ्लॅगच्या आदल्या वर्षी, तेरावा. कोचला काढा म्हणून बोंब होती. त्याच ऑक्टोबरात प्रेस्टिया, कॅडी आणि हाच तुमचा नॅनकर्व्हिस बाहेरून आणला, आणि पुढच्या सप्टेंबरात कप. पहिल्या पिकपासून कपापर्यंत दहा-अकरा वर्षं, आणि शेवटच्या टप्प्यात तयार माणसं विकत. यातलं काहीही तीन मिनिटांच्या गाण्यात बसत नाही, तुमचं म्हणणं खरंच आहे.

आता जुन्या गड्यांचं. 2016 च्या ऑगस्टात आमच्या क्लबने ब्रेंट हार्वे, ड्रू पेट्री, डाल सांतो आणि फिरिटो या चौघांना एकदम सांगितलं की पुढच्या वर्षीचा करार नाही. हार्वेच्या नावावर 432 सामने! वय अडतीस, मान्य. कधीतरी जायचंच होतं, तेही मान्य. पण चौघं एकदम? त्याच वर्षी आम्ही पहिले नऊ सामने जिंकले होते आणि फायनल्सलाही गेलो होतो. 2020 च्या शेवटी पुन्हा तेच, एका दमात अकरा जणांना निरोप. शिवाय बेन ब्राउन मेलबर्न डेमन्सला गेला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्याकडून ग्रँड फायनल (अजिंक्यपदाचा अंतिम सामना) जिंकून आला. आम्ही? 2021 तळाला, 2022 तळाला, 2023 आणि 2024 तळाच्या एक पायरी वर. पिक सगळे वरचे मिळाले. 2021 चा पहिला पिक जेसन हॉर्न-फ्रान्सिस एक हंगाम खेळून पोर्ट अॅडलेडला निघून गेला. विशीच्या आतलं पोर, घरापासून लांब, रोज हरणारा संघ. मी त्याला नावं ठेवत नाही. (आमच्या गल्लीत ठेवणारे भरपूर आहेत.)

डेमन्सचंच घ्या. 2008 ला पहिला पिक वॉट्स, 2009 ला पहिला स्कली, दुसरा ट्रेनगोव्ह. तेवढ्यात 2010 च्या शेवटी कॅप्टन जेम्स मॅकडोनाल्डला निवृत्त व्हायला लावलं. 2011 ला जिलाँगने त्यांना 186 गुणांनी हाणलं, स्कली हंगाम संपताच नव्या जीडब्ल्यूएस क्लबकडे गेला आणि 2012 ला विशीतल्या ट्रेनगोव्हला सहकप्तान केलं. तोवरच्या इतिहासातला सगळ्यात लहान कॅप्टन. कौतुकाची गोष्ट म्हणून छापून आली होती. मला तेव्हाही ते कौतुक वाटलं नाही. वर उभं राहायला माणूसच उरला नव्हता म्हणून पोराला उभं केलं. कार्लटनने 2005, 06, 07 सलग तीन वर्षं पहिला पिक घेतला. मर्फी, गिब्ज, क्रूझर. तिघंही चांगले. कार्लटनचा शेवटचा फ्लॅग मात्र अजून 1995 चाच आहे.

म्हणून लिंच-नॅनकर्व्हिसला हात लावू नका. पिकसाठी तर नाहीच.

आता तुमचा पहिला प्रश्न, मला जास्त आवडलेला. तुम्ही बसता कुठे? मी पैजेवर सांगते, एक तर घरी टीव्हीसमोर, नाही तर विंगवर, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूला, खाली कुंपणाजवळ. दोन्हीकडे तुम्हाला फक्त चेंडू दिसतो. टीव्हीवर तर चेंडू, चेहरा, कोच कपाळाला हात लावून, पुन्हा चेंडू. कापाकापीचा सिनेमा. तो तुम्हाला आवडत नाहीच, मग चिडता कशाला? पन्नासने मागे असलेल्या संघाच्या सामन्यात चेंडू बहुतेक वेळ चुकीच्या टोकाला असतो. त्याच्या मागे डोळे फिरवत राहिलात तर कंटाळा येणारच.

गोलपोस्टच्या मागे, वरच्या मजल्यावर बसा. एमसीजीला असो की मार्व्हल स्टेडियमला, ती तिकिटं सहसा सहज मिळतात, कारण लोकांना ती नको असतात. तिथून अख्खं मैदान एका चौकटीत येतं आणि चौकट हलत नाही. मग समोरच्या संघाला बिहाइंड (नेम थोडा चुकल्यावरचा एक गुण) मिळून आपला गडी गोलमधून किक घेतो तेव्हा चेंडूकडे बघू नका, बाकीच्या सतरांकडे बघा. आणि उलट, त्यांचा गडी किक घेत असेल तर आपले कसे पसरतात ते बघा. जमलेल्या संघात बॅकलाइन (बचावाची फळी) एकसाथ पुढे सरकते. कच्च्या संघात एक पोरगा चेंडूच्या लोभाने सुटतो आणि त्याच्या पाठीमागे भोक पडतं. समोरचा अनुभवी मिडफिल्डर ते भोक पोराच्या आधी बघतो. किक तिथेच पडते. गोल.

तुम्हाला हे टीव्हीवर "सोपा गोल" म्हणून दिसतं. वरून तुम्हाला त्या पोराने पाऊल टाकलं तो क्षण दिसतो. हंगामाच्या सुरुवातीला कोण ते पाऊल टाकतं आणि ऑगस्टमध्ये कोण थबकून मागे बघतं, एवढं जरी धरलंत तरी तुमचं वर्ष कारणी लागेल.

दुसरं, हात बघा. बॅकलाइनमध्ये कोण हात करून दाखवतंय: तू इकडे, तू त्याला धर, मी मागे आहे. एकोणीस वर्षांची पोरं हात करत नाहीत, त्यांना स्वतःचाच माणूस सांभाळणं मुश्किल असतं. हात करणारा एकही नसेल तर समजा त्या संघाने नको तेवढे जुने गडी काढलेत. आमच्याकडे काही वर्षं कुणीच हात करत नव्हतं. 2024 च्या शेवटी क्लबने लूक पार्कर, केलेब डॅनियल, जॅक डार्लिंग असे तिशीच्या आसपासचे गडी बाहेरून आणले ते यासाठीच. दहा वर्षांपूर्वी आपलेच चार ठेवले असते तर, असो.

तिसरं, सगळ्यांना एकच घड्याळ लावू नका. मिडफिल्डर लवकर उगवतो. आमचा हॅरी शीझल पहिल्याच वर्षी, 2023 ला, रायझिंग स्टार (सर्वोत्तम तरुण खेळाडू). पण आमचाच झेरी 2017 च्या ड्राफ्टचा, आणि पहिल्या नंबरचा रकमन (उंच उडवलेल्या चेंडूसाठी झेपावणारा गडी) झाला 2024 मध्ये, गोल्डस्टीन गेल्यावर. उंच पोरांना अंग भरायला वेळ लागतो. तोवर दहा किलो जास्तीचा माणूस त्यांना खांद्याने बाजूला करतो आणि स्टेडियम हसतं. तुम्ही हसू नका.

आणि तिसऱ्या क्वार्टरला उठता? ज्याला सगळे प्रीमियरशिप क्वार्टर म्हणतात त्यालाच? कच्च्या पोरांचे पाय तिथेच जड होतात. कोण तरीही हँडबॉल (मुठीने मारलेला पास) देऊन पुढे पळतो आणि कोण हँडबॉल देऊन उभा राहतो, हे पहिल्या क्वार्टरला कळत नाही, तेव्हा सगळेच पळतात.

पंटरोडकर

काकू, दंडवत. विंगवर खाली, कुंपणाजवळ. अगदी तिथेच बसतो. पैज जिंकलात.

पण वरून जर्सीचे नंबर दिसतात का? मला आमची निम्मी पोरं अजून चेहऱ्याने ओळखू येत नाहीत.

आर्डनकाकू

नंबर दिसतात, चेहरे नाहीत. चेहऱ्याचं काय करायचंय? पळण्याची ढब ओळखायला लागाल, ती जास्त पक्की. एका सामन्याला एकच पोरगा धरा. चार क्वार्टर तोच. चेंडू त्याच्याकडे आला नाही तरी तोच.

सबटायटल

मला फुटीतलं ओ की ठो कळत नाही, सिनेमाचं नाव वाचून डोकावलो. काकूंचं चौकटीचं म्हणणं वाचून चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' आठवला. तिथे कॅमेरा दूर, स्थिर, आणि कोपऱ्यात कारकून काय करतोय ते तुम्हीच शोधायचं. शेवटाकडे सुट्टी लागते, कोर्टाचे दिवे एकेक करून मालवतात, पडदा काळा होतो. मी थिएटरमध्ये पाहिला तेव्हा लोक चपला शोधायला लागले होते. सिनेमा पुढे चालूच राहतो. धागाकर्ते त्या वेळी बसून राहिले असणार असं त्यांच्या आवडीवरून वाटतंय, म्हणजे उठायची सवय मुळात नाही, फक्त या खेळापुरती आहे.

एक शंका. संथ सिनेमात दिग्दर्शकाने ठरवून काहीतरी ठेवलेलं असतं, म्हणून आपण थांबतो. इथे कुणी काही ठेवलेलंच नसेल तर? कदाचित तुमचा संघ नुसताच वाईट असेल.

आर्डनकाकू

सबटायटल, शंका रास्त आहे. नुसताच वाईट संघ असतो, मी पाहिलाय.

तुम्हाला फुटी कळत नसेल तर ब्रूस बेरेसफर्डचा 'द क्लब' बघा, 1980 चा, डेव्हिड विल्यमसनच्या नाटकावरून. कॉलिंगवुडच्या मैदानावरच चित्रित केलाय. त्यात खेळ थोडा आणि ऑफिस फार. अध्यक्ष, कमिटी, कोच, प्रत्येक जण दुसऱ्याच्या पायाखालची सतरंजी ओढायला टपलेला, आणि टास्मानियाहून भरमसाट पैसे मोजून आणलेला एक पोरगा, ज्याचं मैदानात मनच नाही. मी तो दर हिवाळ्यात एकदा बघते. खेळावरच्या सिनेमांत मला हा एकच पटतो, कारण संघ कुठे बिघडतो ते त्यात बरोबर दाखवलंय: वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात.

गॅबाकर

ब्रिस्बेनहून लिहितोय, 2024 आणि 2025 चे दोन फ्लॅग खिशात घालून, त्यामुळे माझं ऐकायला हरकत नसावी.

सबटायटल यांच्या शंकेला आकड्यात उत्तर आहे. लॅडरवर विजयांच्या पलीकडे पर्सेंटेज नावाचा रकाना असतो. तुम्ही केलेले गुण भागिले तुमच्यावर झालेले गुण, गुणिले शंभर. 2017 ला आम्ही तळाला, पाच विजय, पर्सेंटेज 74 च्या आसपास. 2018 ला पुन्हा पाचच विजय. लोक म्हणाले, कोच फेगनला काही जमत नाही. पण पर्सेंटेज 89 च्या आसपास गेलं होतं. म्हणजे मार खात होतो तिथे आता थोडक्यात हरत होतो. 2019 ला सोळा विजय, दुसरा क्रमांक. विजयांचा रकाना बघणाऱ्यांना तो चमत्कार वाटला.

आता मधल्या 2018 मध्ये काय घडलं? ल्यूक हॉज आला. हॉथॉर्नचे चार फ्लॅग जिंकून निवृत्त झालेला माणूस, त्याला आणून बॅकलाइनमध्ये उभा केला. काकू म्हणतात तसे हात करायला! त्याच्या शेजारी खेळून हॅरिस अँड्र्यूज घडला, आणि 2024, 2025 च्या दोन्ही ग्रँड फायनलला कप उचलायला तोही पुढे होता. त्याच सुमारास अॅडलेडहून चार्ली कॅमेरन, मग फ्रीमँटलहून लॅकी नील.

त्याआधीचंही सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. 2013 च्या शेवटी आमची पाच तरुण पोरं एकदम दुसऱ्या क्लबांत गेली. गो-होम फाइव्ह. त्यात येओ होता, डॉकर्टी होता. आमचा पहिला रीबिल्ड तिथेच मेला. जो टिकला तो दुसरा.

आणि नशीब होतं, नाही म्हणणार नाही. विल अॅशक्रॉफ्ट फादर-सन नियमाने आला. बाप मार्कस आमच्या 2001 ते 2003 च्या तिन्ही फ्लॅगमधला, त्यामुळे पोरावर पहिला हक्क आमचा. पोराने 2024 आणि 2025 दोन्ही ग्रँड फायनलला नॉर्म स्मिथ पदक (त्या सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं) घेतलं. असं पोर कुठल्या प्लॅनमध्ये लिहिता येत नाही.

हॉक्सवाला

पर्सेंटेजचा मुद्दा मान्य. जुन्या गड्यांबाबत मात्र मी ठाम. प्रत्येक संघाला हॉज मिळत नाही. बहुतेकांना मिळतो तो दुखऱ्या गुडघ्याचा, मोठ्या पगाराचा गडी, आणि सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) सगळ्यांना सारखीच.

आर्डनकाकू

ते खरं आहे. म्हणूनच जो आधीपासून आपल्या घरात आहे, ज्याला तिन्ही फ्लॅगची चव माहीत आहे, त्याला पिकच्या बदल्यात देऊ नये म्हणतेय. नॅनकर्व्हिस तिन्ही ग्रँड फायनल जिंकून बसलाय. बाजारातून आणलेला गडी ते सांगू शकत नाही.

पंटरोडकर

सगळ्यांचे आभार. येत्या हंगामात गोलमागे, वर. पहिला पोरगा कुठला धरू? लॉलर तर सगळेच बघतात.

आर्डनकाकू

लॉलर नको. मिडफिल्डर आहे, चेंडू त्याच्याकडे आपोआप येणार, तुम्ही पुन्हा चेंडूच बघाल. बॅकलाइनमधला एखादा घ्या, ल्यूक ट्रेनर घ्या. उंच आहे, वेळ लागेल. गोल झाला की सेंटरला चेंडू जातो तेव्हा 2019 पासूनच्या नियमाने दोन्ही संघांचे सहा-सहा-सहा ठरलेल्या पट्ट्यांत उभे राहावेच लागतात, तिथे तो लगेच सापडेल. तिथून पुढे नजर काढू नका.

आणि आमच्याविरुद्धचा सामना असेल तेव्हा कळवा, मी पलीकडच्या गोलमागे असेन. 2024 च्या ड्राफ्टच्या रात्री आम्ही आमचा पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक तुम्हाला देऊन विसाव्या क्रमांकापलीकडचा एक पिक घेतला होता. त्या सौद्यात कोण फसलं ते दोन्ही टोकांकडून बघायला हवं.